‘लेटेस्ट व्हर्जन’चा आग्रह कोणासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीकडून नेहमी मिळणाऱ्या दुरुस्त्या, संपला. तेव्हापासून ‘जुन्या संगणकांवर लिनक्स टाका’ हा सल्ला वर्तमानपत्रांतून, व्हॉट्सॲपवरून आणि शाळांच्या बैठकांतून सर्रास दिला जातो. सल्ला चांगलाच आहे. पण त्याला ‘आणि टाकायचेच तर लेटेस्ट व्हर्जन टाका’ अशी एक पुस्ती जोडलेली असते. खरेदीच्या निविदांत तर हे वाक्य ठरलेलेच. साबण किंवा मोबाइल घेताना ते चालून जात असेल. मुक्तस्रोत कार्यप्रणालीच्या बाबतीत ते अंगाशी येते.

साधा हिशेब पाहा. विंडोज १० संपले त्याच महिन्यात उबुंटू या लिनक्सच्या एका प्रचलित ‘डिस्ट्रो’ची, म्हणजे तयार संचाची, लेटेस्ट आवृत्ती होती २५.१०. तिचा आधार नऊ महिन्यांचा, म्हणजे जुलै २०२६ पर्यंत. त्याच वेळी, त्याच संकेतस्थळावर, तेवढ्याच फुकटात २४.०४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती मिळत होती आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार होत्या. निविदेतले शब्द अक्षरशः पाळणारा पुरवठादार २५.१० टाकून बिल लावील आणि त्याला दोषही देता येणार नाही. त्यानंतरच्या जुलैत शाळेच्या प्रयोगशाळेतल्या वीस-पंचवीस संगणकांना दुरुस्त्या येणे बंद होईल, आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. संगणक चालू राहतात ना!

तेव्हा ‘स्थिर’ आवृत्ती म्हणजे काय, ती कशी तयार होते आणि तिच्यातही काय बिघडू शकते, हे जरा खोलात सांगणे भाग आहे. उदाहरण डेबियन या डिस्ट्रोचे घेतो. उबुंटू डेबियनमधून निघते, लिनक्स मिंट उबुंटूतून. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची प्रणाली डेबियनवर उभी आहे आणि सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ ही प्रणालीही. १९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आजही स्वयंसेवक चालवतात. तारखेचा धाक दाखवणारी कंपनी त्याच्या मागे नाही. म्हणूनच नवे आणि भरवशाचे यांच्यातली ओढाताण तिथे उघड्यावर दिसते.

डेबियनमध्ये तीन फळ्या आहेत. नवे पॅकेज, म्हणजे एखाद्या प्रोग्रामचा बांधलेला गठ्ठा, पहिल्यांदा येते ते ‘अनस्टेबल’मध्ये. तिचे कायमचे नाव सिड. डेबियनच्या आवृत्त्यांना एका ॲनिमेशनपटातल्या खेळण्यांची नावे देतात आणि सिड हा त्यातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. नाव अगदी चपखल आहे. सिडमधून पॅकेज ‘टेस्टिंग’मध्ये जाते ते कोणाच्या मर्जीने नाही. ब्रिटनी नावाचा एक प्रोग्राम नियम लावून ते ठरवतो. पॅकेजने सिडमध्ये ठरावीक दिवस काढलेले हवेत: मेंटेनरने, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याने, निकड कमी लावली असेल तर १०, मध्यम असेल तर ५, जास्त असेल तर २. टेस्टिंगमध्ये आधीपासून असलेल्या पॅकेजपेक्षा जास्त गंभीर बग, म्हणजे दोष, त्यात नसावेत. डेबियन ज्या ज्या प्रोसेसरांसाठी निघते त्या सगळ्यांवर ते तयार झालेले हवे. त्याला लागणारी इतर पॅकेजे टेस्टिंगमध्ये हवीत आणि त्याच्या येण्याने दुसरे कुणी मोडता कामा नये.

हे शेवटचे कलम कागदावर निरुपद्रवी दिसते, पण खरी कोंडी तिथेच होते. एखाद्या मूलभूत लायब्ररीचा, म्हणजे अनेक प्रोग्राम सामाईक वापरतात अशा भागाचा, अंतर्गत क्रमांक बदलला की तिच्यावर बेतलेला प्रत्येक प्रोग्राम पुन्हा तयार करावा लागतो. माहिती कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीची १.१ जाऊन ३ आली, तेव्हा ‘मला १.१ ची फाइल द्या’ म्हणणारा एकही प्रोग्राम नव्यावर चालेना. अशा बदलाला ट्रांझिशन म्हणतात. शेकडो पॅकेजे एका दावणीला बांधली जातात आणि त्यांतले एक जरी नीट तयार झाले नाही तरी बाकी सगळी सिडमध्येच ताटकळत बसतात.

आता या कोंडीचा सुरक्षेवर काय परिणाम होतो ते पाहा. सिडमध्ये नवी सुरक्षा-दुरुस्ती लगेच येते. स्थिर आवृत्तीत सुरक्षा-गट ती वेगळ्या वाटेने, तातडीने पोचवतो. टेस्टिंगला मात्र दुरुस्ती साधारणपणे सिडमधूनच यावी लागते आणि वाटेत ट्रांझिशन अडकले असेल तर दुरुस्तीही अडकते. ‘सिड फार धोक्याचे, स्थिर फार जुने, म्हणून आपण मधले टेस्टिंग घेऊ’ असा समंजस वाटणारा विचार करणारे पुष्कळ भेटतात. कार्यालयातल्या संगणकासाठी तो तिन्हींतला सर्वात वाईट पर्याय आहे. टेस्टिंग ही पुढची स्थिर आवृत्ती घडवण्याची कार्यशाळा आहे. चाचणी करणाऱ्यांनी ती जरूर वापरावी, पतपेढीच्या काउंटरवर ती नको.

टेस्टिंगमधून स्थिर आवृत्ती कशी निघते? गोठवून. सध्याच्या डेबियन १३ चे, म्हणजे ‘ट्रिक्सी’चे, वेळापत्रक असे होते. १५ मार्च २०२५ पासून नवी ट्रांझिशन बंद आणि कंपायलरसारखी, प्रोग्राम तयार करणारी, मूळ अवजारे जशीच्या तशी. १५ एप्रिलपासून नवी पॅकेजे बंद, फक्त छोट्या आणि नेमक्या दुरुस्त्या. १५ मेपासून कडक गोठवणी: महत्त्वाच्या पॅकेजांत, आणि ज्यांना स्वयंचलित चाचण्या नाहीत अशांत, बदल हवा असेल तर जुन्या-नव्यातला फरक ओळीओळीने दाखवून प्रकाशन-गटाची परवानगी काढायची. चाचण्या असलेल्या इतरांनाही २० दिवसांची प्रतीक्षा. २७ जुलैला सगळेच बंद आणि ९ ऑगस्टला प्रकाशन. त्या दिवशी ट्रिक्सीतला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, होता ६.१२, म्हणजे नोव्हेंबर २०२४ चा. जन्माच्या दिवशीच तो नऊ महिन्यांचा. लेटेस्टवाल्यांना हे हास्यास्पद वाटते. पण त्या महिन्यांत काय झाले? बाकी सारे जागच्या जागी ठेवून बग शोधणे आणि मारणे एवढेच. पायाखालची जमीन हलत नसेल तरच बग कुठला आणि कशामुळे, हे नक्की सांगता येते.

गोठवणी लांबली की काय होते तेही डेबियनने भोगले आहे. ३.० ‘वुडी’ जुलै २००२ मध्ये आली आणि ३.१ ‘सार्ज’ थेट ६ जून २००५ ला. जवळजवळ तीन वर्षे! ‘तयार होईल तेव्हा निघेल’ हे ब्रीद म्हणून भारदस्त आहे, पण दरम्यान बाजारात आलेली नवी यंत्रे जुन्या इन्स्टॉलरला ओळखूच येईनात. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आली ती दर सहा महिन्यांनी आवृत्ती काढण्याचे वचन घेऊन, आणि लोक तिच्याकडे वळले. गंमत म्हणजे उबुंटूने आपल्या पहिल्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीसाठी हे वचन मोडले. २००६ च्या एप्रिलमध्ये ठरलेली ती आवृत्ती आणखी घासूनपुसून घ्यायची म्हणून जूनमध्ये काढली. तिचा क्रमांक म्हणूनच ६.०६. डेबियनने २००९ मध्ये दर दोन वर्षांनी गोठवणीची वेळ ठरवली. प्रकाशनाचा दिवस मात्र अजूनही बगांच्या संख्येवर ठरतो. प्रत्यक्षात गेली काही वर्षे दोन वर्षांचा ठेका टिकून आहे: जुलै २०१९, ऑगस्ट २०२१, जून २०२३, ऑगस्ट २०२५.

स्थिर म्हणजे बिनचूक असा मात्र कोणी अर्थ लावू नये. स्थिर म्हणजे न बदलणारे; आणि ते न बदलता सुरक्षित ठेवायला पडद्यामागे सतत बदल करावेच लागतात. तिथेही घोळ होतो. डिसेंबर २०२३ मधला प्रकार याचा उत्तम नमुना आहे. डेबियन १२ ची तिसरी दुरुस्ती-आवृत्ती, १२.३, शनिवारी ९ डिसेंबरला निघत होती. तिच्यातला कर्नल ६.१.६४. लिनक्स कर्नलचे असे असते की दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी मुख्य आवृत्ती येते: दोन आठवडे नवे काम आत घ्यायचे, मग सात-आठ आठवडे दर रविवारी एक ‘आरसी’, म्हणजे चाचणी-आवृत्ती, काढत फक्त दुरुस्त्या. यातल्या निवडक मालिका पुढे काही वर्षे सांभाळल्या जातात, ६.१ ही त्यांतली एक. मुख्य कर्नलमध्ये झालेल्या दुरुस्त्या वेचून जुन्या मालिकेत आणायच्या, याला बॅकपोर्ट म्हणतात.

६.१.६४ मध्ये एक्स्ट४ या फाइलसिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या भागाची, एक दुरुस्ती अशीच आणली गेली. दुरुस्ती स्वतः बरोबर होती. पण मुख्य कर्नलमध्ये तिच्या आधी, आयओमॅप नावाच्या शेजारच्या भागात, एक छोटासा बदल होऊन गेला होता आणि ही दुरुस्ती त्याच्यावर विसंबून होती. तो बदल ६.१ मध्ये आणायचा राहिला. परिणाम असा की ज्या प्रोग्रामना मधली साठवण टाळून थेट डिस्कवर आणि लगेच लिहायचे असते, त्यांच्या बाबतीत ‘फाइलमध्ये कुठवर लिहून झाले’ ही खूण पुढे सरकेना. पुढचा मजकूर भलत्या जागी पडू लागला. पडद्यावर चूक नाही, इशारा नाही. फाइल मात्र बिघडलेली. डेबियनने १२.३ जागेवर थांबवली, ‘सध्या अपग्रेड करू नका’ असे जाहीर केले आणि ज्यांचे संगणक रात्री आपोआप अद्ययावत होतात त्यांना खास सावध केले. दुसऱ्याच दिवशी ६.१.६६ कर्नल घालून १२.४ आली. मग ६.१.६६ मध्ये वायफायचा निराळाच गोंधळ निघाला, त्यासाठी ६.१.६७ काढावा लागला.

यातून ‘जुन्यात हात घालूच नका, सरळ नवेच घ्या’ असा धडा काढणाऱ्यांसाठी पुढची घटना. २९ मार्च २०२४, गुड फ्रायडे. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसचे विकासक सिडवर वेगाची मोजमापे घेत होते. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर जाण्याच्या सुरक्षित वाटेने, लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे आणि प्रोसेसर उगाच खर्ची पडतो आहे, हे त्यांना खटकले. माग काढत ते पोचले एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीपाशी. ५.६.० आणि ५.६.१ या तिच्या नव्या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला होता. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन-अडीच वर्षे इमानेइतबारे काम करून त्या प्रकल्पाचा विश्वास कमावला होता, आणि नवी आवृत्ती डिस्ट्रोंनी लवकर उचलावी म्हणून खटपटही चालवली होती. एसएसएच मुळात एक्सझेड वापरत नाही. पण डेबियनसारख्या काही डिस्ट्रो एसएसएचला सिस्टिमडीच्या, म्हणजे प्रणालीतल्या सेवा चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या, लायब्ररीशी जोडतात आणि ती लायब्ररी एक्सझेडला ओढून आणते. चोराने नेमकी हीच साखळी हेरली होती.

चोरदरवाजा सिड आणि टेस्टिंगपर्यंत पोचला होता. स्थिर डेबियन १२ मध्ये एक्सझेड होते ५.४.१, त्यामुळे त्याला धक्का लागला नाही. सिडमध्ये मागे जाण्यासाठी जे पॅकेज घातले त्याचा क्रमांकच पाहण्यासारखा आहे: ‘५.६.१+रिअली५.४.५-१’. पॅकेजांचे क्रमांक फक्त चढत जातात, उतरू शकत नाहीत, म्हणून वर ५.६.१ ची पाटी आणि आत माल ५.४.५ चा. उबुंटूने २४.०४ ची बीटा आठवडाभर पुढे ढकलली आणि हजारो पॅकेजे स्वच्छ यंत्रांवर पुन्हा तयार केली. हा बचाव स्थिर शाखेच्या शहाणपणाचा होता असे नाही. ती उशिरा उचलते, एवढेच तिचे बलस्थान. मधल्या वेळात सिडवर काम करणारा एक चिकित्सक माणूस अर्ध्या सेकंदावर अडून बसला. सिडवर कोणी नसतेच, तर उशिराचाही काही उपयोग झाला नसता.

क्रमांकांचा विषय निघालाच आहे तर सुरक्षा-ऑडिटबद्दल. तपासणीचे सॉफ्टवेअर सर्व्हरला त्याचा क्रमांक विचारते, ‘ओपनएसएसएच ९.२’ असे उत्तर आले की लाल शेरा मारते: जुनी आवृत्ती, ताबडतोब बदला. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमधली, म्हणजे एसएसएचची सोय देणाऱ्या प्रोग्राममधली, एक गंभीर त्रुटी जाहीर झाली, तेव्हा असे शेरे भराभर निघाले. डेबियन १२ ने ती त्रुटी ९.२ मध्येच बुजवली; पॅकेजचा पूर्ण क्रमांक ‘९.२पी१-२+डेब१२यू३’. वरवर ९.२ तेच, पण शेवटच्या ‘यू३’मध्ये दुरुस्ती. तपासणीकाराने शेपूट वाचलेच नाही तर शेरा चुकणारच. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे ती त्रुटी ८.५ मध्ये शिरली होती. २००६ मध्ये बुजवलेले भोक २०२० च्या एका बदलात पुन्हा उघडले गेले. डेबियन ११ मध्ये होते ८.४. म्हणजे त्याहून जुनी आवृत्ती या बाबतीत निर्धोक होती. क्रमांकाकडे पाहून सुरक्षा ठरवणे हे पुस्तकाच्या आवृत्तीवरून त्यातल्या छपाईच्या चुका मोजण्यासारखे आहे. डेबियनच्या सुरक्षा-नोंदींत प्रत्येक त्रुटीपुढे कुठल्या आवृत्तीत ती आहे, कुठे बुजवली, हे लिहिलेले असते. ऑडिटच्या उत्तराला ते पान जोडावे.

अर्थात डिस्ट्रोने मूळ सॉफ्टवेअरमध्ये हात घालण्याची किंमतही डेबियनने एकदा जबर मोजली आहे. सप्टेंबर २००६ मध्ये एका चाचणी-अवजाराच्या तक्रारी बंद व्हाव्यात म्हणून ओपनएसएसएलच्या पॅकेजातल्या काही ओळी काढल्या गेल्या. त्या ओळींसोबत यादृच्छिकता, म्हणजे किल्लीचा अंदाज बांधता येऊ नये याची सोयच, गेली. कूटबद्धतेची किल्ली तयार करताना उरला तो फक्त प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामला मिळणारा, क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. हे जाहीर झाले १३ मे २००८ ला. वीस महिने असल्या किल्ल्या बनत राहिल्या, आणि त्या इतर प्रणालींच्या सर्व्हरवरही जाऊन बसल्या होत्या. मूळ लेखकांकडून नीट तपासून न घेतलेला ‘छोटासा’ पॅच किती महाग पडतो, याचे दुसरे उदाहरण शोधायची गरज नाही.

आणि काही ठिकाणी जुने धरून ठेवणे शक्यच नसते. ब्राउझर घ्या. फायरफॉक्सच्या दुरुस्त्या इतक्या वेगाने आणि इतक्या गुंतलेल्या येतात की त्या जुन्यात वेचून आणणे कुणाच्याच आवाक्यातले नाही. म्हणून स्थिर डेबियन फायरफॉक्सची ईएसआर, म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणारी, मालिका घेते आणि ती बदलली की चक्क नवी मालिका देते. क्रोमियम तर सतत नवाच येतो. दुसरे उदाहरण २०३८ चे. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारे घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, भरून उलटे फिरेल. ट्रिक्सीसाठी ३२-बिट एआरएम प्रोसेसरांवर हे घड्याळ ६४ बिटांचे केले. त्यासाठी शेकडो लायब्ऱ्यांच्या नावांना ‘टी६४’ चे शेपूट लावून सारे पुन्हा बांधावे लागले. २०२४ च्या वसंतात सिड वापरणाऱ्यांना अपग्रेड म्हटले की अर्धा डेस्कटॉप उडवण्याची सूचना येत होती. असले काम स्थिर शाखेत कधीच करता येत नाही आणि टाळताही येत नाही. जुन्या ३२-बिट पीसींना मात्र यातून मुद्दाम वगळले, कारण त्या रूपात आता फक्त जुने प्रोग्राम चालवायचे आहेत. ट्रिक्सीत त्यांच्यासाठी इन्स्टॉलर नाही, कर्नलही नाही. अडगळीतून काढलेल्या पेंटियम ४ वर ‘लेटेस्ट’ टाकायला निघालेल्यांनी हे आधी वाचावे.

मराठीपुरते एक. मेनू मराठीत दिसतात ते अनुवादकांच्या फाइलींमुळे. मूळ इंग्रजी वाक्यात एक टिंब जरी वाढले तरी जुना अनुवाद ‘फझी’ ठरतो, आणि तपासून मान्य होईपर्यंत तिथे इंग्रजी दिसते. डेस्कटॉप दर सहा महिन्यांनी बदलतो, मराठी अनुवादक मोजके. अर्धे ‘फाइल उघडा’, अर्धे इंग्रजी अशा मेनूंचे कारण अनेकदा आळस नसून हा वेग असतो. डेबियनची गोठवणी अशा कामाला दर दोन वर्षांनी खरे फुरसतीचे महिने देते, कारण अनुवादाच्या दुरुस्त्या तेव्हाही स्वीकारतात. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या ‘ओपन सोर्स क्लब’नी नवीन डिस्ट्रो काढण्याच्या स्पर्धा भरवण्यापेक्षा त्या महिन्यांत टेस्टिंग टाकून बग नोंदवले तर उपयोग जास्त होईल.

आता वापरणाऱ्यांसाठी. शाळा, ग्रंथालय, पतसंस्था, लहान कार्यालय यांनी स्थिर किंवा दीर्घ मुदतीचीच आवृत्ती घ्यावी, आणि तीही पहिल्या आठवड्यात नाही. उबुंटू स्वतःच एका दीर्घ आवृत्तीवरून पुढच्या दीर्घ आवृत्तीवर जाण्याची सूचना तिची ‘.१’, म्हणजे पहिली दुरुस्ती-आवृत्ती, निघेपर्यंत देत नाही. २०२४ मध्ये ती ‘.१’ सुद्धा अपग्रेडमधल्या दोषामुळे १५ ऑगस्टवरून २९ ऑगस्टला गेली. सुरक्षा-दुरुस्त्या रोज आपोआप येऊ द्याव्यात. दर दोन-अडीच महिन्यांनी येणारी दुरुस्ती-आवृत्ती मात्र आधी दोन संगणकांवर टाकून आठवडाभर पाहावी, मग बाकीच्यांवर. यासाठी आपोआप-अपग्रेडच्या सेटिंगमध्ये फक्त ‘सिक्युरिटी’ची ओळ ठेवून दुसरी बंद करावी लागते, कारण डेबियनमध्ये मुळात दोन्ही चालू असतात. आधीचा कर्नल काढू नये. नवा बिघडला तर सुरुवातीच्या ग्रब मेनूतून जुना निवडता येतो, आणि दहापैकी नऊ वेळा तेवढ्यावर दिवस निभावतो. एकाच जागी बरेच संगणक असतील तर ॲप्ट-कॅशर-एनजी एका यंत्रावर बसवावे. प्रत्येक पॅकेज इंटरनेटवरून एकदाच उतरते आणि बाकीच्यांना आतल्या आत मिळते.

नवा लॅपटॉप घेतला आणि स्थिर आवृत्तीला त्याचे वायफाय ओळखता आले नाही, तर त्या एका कारणासाठी सगळी प्रणाली नवी करू नये. बॅकपोर्ट्सचा, म्हणजे स्थिर आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांचा, साठा जोडून त्यातून फक्त कर्नल आणि फर्मवेअर (उपकरणाला लागणारे सॉफ्टवेअर) घ्यावे. तो साठा मुद्दाम कमी प्राधान्याचा ठेवलेला असतो, मागितल्याशिवाय त्यातले काही आत येत नाही. नवे लिबरऑफिस किंवा जिंप हवे असेल तर फ्लॅटपॅकने घ्यावे. ते आपल्या लायब्ऱ्या बरोबर घेऊन येते. सिडची किंवा उबुंटूची ओळ डेबियनच्या साठ्यांच्या यादीत ‘एकाच पॅकेजसाठी’ घालणे हा मात्र हमखास घात. ते एक पॅकेज नवी सी-लायब्ररी मागते, ती आली की तिच्यामागून रांग लागते. डेबियनवाले अशा प्रणालीला ‘फ्रँकनडेबियन’ म्हणतात. तिला पुढे अपग्रेडही करता येत नाही आणि मागेही नेता येत नाही.

डेबियन १२ वरून १३ वर जाणाऱ्यांनी क्रम चुकवू नये. आधी १२ च्या सगळ्या दुरुस्त्या घ्याव्यात. दूरवरून एसएसएचने काम करणाऱ्यांना हे विशेष लागू, कारण १२ चे ताजे एसएसएच पॅकेज नसेल तर अपग्रेड अर्ध्यावर असताना नवी जोडणीच होत नाही. ‘होल्ड’ लावून अडवलेली पॅकेजे सोडवावीत. बाहेरून जोडलेले साठे बंद करावेत. डिस्कवर ‘/बूट’ चा, म्हणजे कर्नल ठेवण्याचा, वेगळा भाग असेल तर तो किमान ७६८ एमबीचा आणि त्यात ३०० एमबी मोकळे हवेत. जुन्या इन्स्टॉलरने २५० एमबीच दिलेले असण्याची शक्यता बरीच, आणि अपग्रेड तिथेच गचके खाते. मग साठ्यांच्या यादीत ‘बुकवर्म’च्या (हे १२ चे नाव) जागी ‘ट्रिक्सी’, आधी नवी पॅकेजे न घेता किमान अपग्रेड, मग पूर्ण अपग्रेड, मग रीबूट. १३ मध्ये ‘/टीएमपी’ हा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर मेमरीत असतो, निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकतो. ४ जीबीच्या यंत्रावर मोठ्या फाइली तिथे टाकणारा प्रोग्राम असेल तर ही सोय बंद करावी. पीएचपी ८.२ वरून ८.४ वर, पायथन ३.११ वरून ३.१३ वर, पोस्टग्रेएसक्यूएल १५ वरून १७ वर जाते. डेटाबेस आपोआप नव्यात जात नाही, तो हाताने न्यावा लागतो. ते विसरून जुने पॅकेज पुसले की रडायची वेळ येते. सरकारी किंवा शालेय कामाचे एखादे जुने पीएचपी सॉफ्टवेअर असेल तर आधी चाचणी-यंत्रावर चालवून पाहावे, इशारे कुठे येतात ते लॉगमध्ये दिसतेच.

उरतो प्रश्न निविदेच्या त्या ओळीचा. ‘लेटेस्ट व्हर्जन’ हे दोन शब्द काढून त्या जागी असे लिहिता येईल: ‘कार्यप्रणालीची आवृत्ती स्थिर अथवा दीर्घ मुदतीची असावी, यंत्र ताब्यात देण्याच्या दिवशी तिच्या सुरक्षा-आधाराची किमान तीन वर्षे शिल्लक असावीत, आधार संपण्याची तारीख वितरण-पावतीवर लिहावी, आणि त्या तारखेपूर्वी पुढील स्थिर आवृत्तीवर एकदा नेऊन देणे पुरवठादारावर बंधनकारक राहील.’ शेवटच्या कलमाने दर थोडे चढतील. पण आज ते काम कोणाच्याच नावावर नसते, म्हणून ते होत नाही.

आपला,
लिनक्स सर्व्हर-व्यवस्थापनाच्या कामातील एक वाचक, पुणे